एकतीस जणांनी खाल्लेली माझी उष्टी रोटी

मी परदेशात शिक्षक आहे. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, आणि तेही त्या वर्गाला पंखा होता म्हणून. पास-नापासाशी त्याचा काही संबंध नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, सुरतमध्ये डिंडोलीत राहणारा, पस्तीस वर्षं लूम चालवणारा रमेश परदेशात शिक्षक कसा? सांगतो. आमच्या शेठनी खात्यातले (खातं म्हणजे आमचा मागाचा कारखाना) जुने लूम उझबेकिस्तानातल्या एका मिलला विकले. लूम तिथं पोचले, जोडले, बटण दाबलं, आणि चालेचनात. तिथल्या मालकानं फोन केला, "ह्यांना झालंय काय?" शेठ म्हणाले, "त्यांना शिव्या ऐकायची सवय आहे. माणूस पाठवतो." आणि पंख्याबरोबर रेग्युलेटर द्यावा तसं मला देऊन टाकलं! बोली सहा महिन्यांची होती. झाले चौदा.

तिथं माझ्या हाताखाली बावीस बाया. सकाळी मी पाऊल टाकलं की बावीसच्या बावीस उभ्या राहतात, छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "उस्ताद!" (सुरतला मी खात्यात शिरलो की शेठ फक्त घड्याळाकडे बघायचे.) पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं, म्हटलं कोण मोठा माणूस आला? कोणीच नव्हतं. मग मीही छातीवर हात ठेवला. मला वाटलं, ह्या गावात सगळ्यांच्याच छातीत दुखतंय!

त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. मी लूमला कान लावायचो, आवाज बिघडला की हातानं करून दाखवायचो, आणि तोंडातून आपोआप आमची खान्देशी अहिराणी निघायची. बाया इतक्या मन लावून शिकणाऱ्या, की हाताबरोबर तोंडाचंही शिकल्या. त्यांना वाटलं, हाही कामाचाच भाग! आज तिथं धागा तुटला की बावीस उझबेक बाया एका सुरात "ओ माय वं!" म्हणून ओरडतात आणि मगच लूम थांबवतात. अहिराणी इतक्या लांब नेणारा पहिला माणूस मीच असेन. सरकारकडून अजून पत्र आलेलं नाही.

राहायला मी मुहब्बत आपांच्या घरी. (नाव ऐकून दचकू नका. संगीताही दचकली होती. संगीता म्हणजे माझी बायको, माहेरी मागावरच वाढलेली. आपा चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पुढचे सगळे दात सोन्याचे, आणि मला धाकटा मुलगा समजून कानटोपी घातल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाहीत.)

तर मिलला दहा दिवसांची सुट्टी पडली, ती नेमकी श्रावणात. श्रावणात आमच्याकडं कानबाई, म्हणजे आमची खान्देशी देवी, बसते. खान्देशी माणूस चंद्रावर असला तरी कानबाईला घरी येतो. मी तिकीट काढलं.

निघायच्या सकाळी आपांनी तंदुरातून गरमागरम रोटी काढली. ताटाएवढी, काठ जाड, मधोमध फुलाचा ठसा, वर तीळ. दोन्ही हातांनी ती माझ्या तोंडासमोर धरली. शेजारपाजारचे सगळे गंभीर चेहऱ्यानं उभे. मी लगेच ओळखलं, हे देवाचं आहे! आणि देवाच्या रोटीचा नियम आम्हाला कोणी शिकवायला नको. कानबाईचे रोट (जाडजूड पोळीच समजा) भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि कण उरवायचा नाही. मी पहिला घास घेतला. आपा खूश. दुसरा घेतला. आपा जरा कमी खूश. चौथ्या घासाला आपा रोटी मागं ओढायला लागल्या. मला वाटलं, आग्रह करण्याची इकडची रीत असेल! मीही ओढली. पंधरा मिनिटांत मी ती रोटी संपवली, बोटाचे तीळ चाटले आणि छातीवर हात ठेवला.

आपा मटकन खाली बसल्या.

मग त्या काहीतरी पुटपुटत उठल्या आणि दुसरी रोटी घेऊन आल्या. ह्या वेळी मला एकच घास घेऊ दिला आणि लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी रोटी हिसकावून टेबलावर ठेवली. मला वाटलं, ही प्रवासाची शिदोरी! आपा टॅक्सीवाल्याला दम द्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात मी रोटी रुमालात बांधून पिशवीत टाकली. आपल्यासाठी कोणी एवढं करतंय तर माणसानं लाजू नये!

विमानात एक फॉर्म आला. शेजारच्या बाईंना म्हटलं, "ताई, जरा भरून द्याल?"

"काम काय करता?"

"टीचर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हात अवघडलाय," मी म्हटलं.

सुरत स्टेशनवरून रिक्षा केली आणि डिंडोलीच्या गल्लीत उतरलो तर संगीता दारातच. आमची पोरगी नवसारीला दिली, तेव्हापासून घरात ती एकटीच. पलंगावर नवी चादर. दारामागं नवा खिळा ठोकलेला, माझा शर्ट अडकवायला. शेजारीण म्हणाली, "आले का भाऊ? ताई आठवडाभर सांगतेय, आता कायमचे आले म्हणून!"

कायमचे.

माझ्या वरच्या खिशात परतीचं तिकीट होतं, आणि आणखी एका वर्षाच्या कागदावर मी अंगठ्याजवळचं अक्षर, म्हणजे सही, करून बसलो होतो. संगीताला काही माहीत नव्हतं. फोनवर सांगायचं राहून गेलं होतं. (रोज राहून जायचं.) मी ठरवलं, कानबाई होऊ दे, मग सांगू. मी तसा वाघाच्या काळजाचा माणूस आहे, फक्त वाघानं लग्न केलेलं नसावं!

(आमच्या घरात बोलणं सगळं अहिराणीतच होतं. तुम्हाला कळावं म्हणून मराठीत सांगतोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात, नाहीतर हे दुप्पट लांब झालं असतं.)

संगीतानं पिशवी उघडली. "हे काय?"

"तिकडची रोटी."

"कोणी खाल्ली?"

"मी."

"एकच घास?"

"पोट भरलं होतं."

"तुमचं? पोट?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग ती रोटी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. अन्न आहे, टाकायचं कसं, आणि उष्टं आहे, कोणाला द्यायचं कसं!

शनिवारी, कानबाईच्या आदल्या दिवशी, सकाळी माझा फोन वाजला. मी मोरीत तोंडाला साबण लावून उभा. संगीतानं फोन घेतला, स्पीकरवर. समोर नर्गिझा. ही माझ्या बावीस बायांतली एक. हिंदी सिरीयली बघून बघून हिंदी शिकलेली, त्यामुळे साधं "पाणी द्या" म्हणायलासुद्धा ती आधी तीनदा मान वळवते.

"कशी शे वं माय?" नर्गिझानं विचारलं.

संगीता फोन पाडणारच होती. "तू... तू आपली बोली बोलतेस?"

"उस्ताद ने सिखाया! दीदी, उस्ताद की रोटी वहाँ है क्या? मुहब्बत आपा तीन दिन से अलमारी के पीछे ढूँढ रही हैं. रो रही हैं."

"रोटी इकडे हाय. पण रडायला काय झालं?"

नर्गिझानं मान वळवली असणार, कारण जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, "हमारे यहाँ जो सफर पे जाता है, वो एक निवाला खा के जाता है. बाकी रोटी घर की दीवार पे टँगती है. वो रोटी उसकी राह देखती है. वो लौट के आता है, तब सब मिल के खाते हैं. पहली रोटी उस्ताद पूरी खा गए. दूसरी लेके भाग गए! अब लौटेंगे कैसे?"

"लौटेंगे? कौन?"

"उस्ताद! अगले हफ्ते! हमने मशीन पे लगाने को फूल बनाए हैं!"

साबण माझ्या डोळ्यांत गेला होता. तरी मी पाणी घेतलं नाही. डोळे धुतले की बाहेर जावं लागलं असतं.

"बाहेर या," संगीता म्हणाली.

"साबण आहे."

"चौदा महिन्यांचा आहे का?"

मी बाहेर आलो.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"एक वर्ष. फक्त."

"फक्त," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

ओरडली असती तर बरं झालं असतं! पस्तीस वर्षं लूममध्ये काढलेला माणूस मी, मला आवाजाची भीती नाही. चालू लूम अचानक गप्प झाला की मात्र घाम फुटतो. संगीता दिवसभर गप्प होती. रात्रीच्या ताटात मीठही बरोबर होतं, इतकी ती रागावली होती.

रविवारी कानबाई बसली. नारळाची देवी, नाकात नथ, चौरंगावर फुलं. ह्या वर्षी मान आमच्या घराचा. लिंबायत, गोडादरा, सुरतभरचे सगळे भाऊबंद मिळून एकतीस माणसं त्या दीड खोलीत. कोणाचा गुडघा कोणाचा आहे हे हलवून बघावं लागत होतं! दुपारी नैवेद्य झाला. रोटांची मोठी टोपली पांढऱ्या फडक्याखाली देवीसमोर ठेवलेली.

"रम्या," आमचे थोरले बंधू नानाभाऊ म्हणाले, "परदेशातून आलास, ह्या वर्षी रोट तू वाट."

एवढा मान मला सुरतमध्ये कधीच मिळालेला नव्हता. मी बाह्या सरसावल्या. रोट मोडायचा, तुकडे करायचे, हातावर ठेवायचे. फडक्याखाली हात घालायचा, पुढचा काढायचा. आपली शिकवायची सवय, त्यामुळे तोंडही चालू: "दोन्ही हात पुढं करा! सांडू नका! घाई नाही!" टोपलीच्या तळाचा एक रोट मात्र काही केल्या तुटेना. मी गुडघा लावला. कट्‌कन आवाज झाला. (रोटाचा. गुडघ्याचा त्यानंतर झाला.) त्याचेही बारीक तुकडे करून मी एकतीसच्या एकतीस जणांना न चुकता वाटले, कारण पाठीमागच्यांना कमी पडलं होतं आणि पुढच्यांना हाव सुटली होती.

नानाभाऊंनी तुकडा दाताखाली धरला आणि थांबले.

"हा रोट आहे का चौरंगाचा पाय?"

"पीठ कोणी मळलं गं?" मागून कोणीतरी विचारलं. सगळ्या सुना एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मला तर गोड लागतोय," आमच्या बायजाकाकू म्हणाल्या. ऐंशीच्या पुढं वय, तोंडात एक दात नाही, तुकडा ह्या गालातून त्या गालात फिरवत होत्या. मग त्यांनी तो बाहेर काढून उजेडात धरला. "पण रम्या, रोटावर फूल कोणी काढलं रे?"

मी पाहिलं. फुलाचा ठसा. तीळ.

ओ माय वं!

"काय झालं?" नानाभाऊ म्हणाले. "चेहरा का उतरला?"

"काही नाही. खाऊन घ्या."

"रम्या."

"ती... ती माझी रोटी आहे. तिकडची. म्हणजे मी एक घास खाल्लेली."

घरात एकतीस तोंडं एकाच वेळी चावायची थांबली.

"उष्टं?" नानाभाऊ उभे राहिले, पण मांडीवर दोन पोरं असल्यानं पुन्हा बसले. "कानबाईसमोर अख्ख्या भाऊबंदकीला तू तुझं उष्टं खाऊ घातलंस?"

"एकच घास घेतला होता, नानाभाऊ. ह्या काठाला. तुमचा तुकडा त्या काठाचा."

"वा! म्हणजे उपकार केलेस!"

एकानं चूळ भरायला धाव घेतली. एक वहिनी म्हणाली गोमूत्र आणा, दुसरी म्हणाली इथं कुठं मिळणार. नानाभाऊ म्हणाले, असा माणूस कुळात झाला नव्हता. मी म्हणालो, पणजोबा होते असं ऐकलंय. ते म्हणाले, गप्प बस!

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"त्यांनी नाही. मी ठेवली होती टोपलीत."

संगीता.

"नर्गिझा म्हणाली, ती रोटी भिंतीला असेल तर हे तिकडं परत जाणार," ती खाली बघत बोलत होती. "मी म्हटलं, आपल्याकडं कानबाईसमोर ठेवलेलं उरत नाही. टोपलीत तळाला ठेवते. कानबाईला ठरवू दे. संपली तर संपली. हे राहतील."

आणि ती रोटी मी माझ्या हातानं मोडली होती. गुडघा लावून!

मी चौदा महिने रोज फोनवर विचारत होतो, "जेवलीस का?" ती रोज म्हणायची, "जेवले." कोणाबरोबर जेवलीस, हे मी एकदाही विचारलं नाही. मला विनोद सुचतात, हे असलं सुचत नाही.

बायजाकाकूंनी तो तुकडा पुन्हा तोंडात टाकला.

"नाना, बस खाली. कानबाईचा नियम काय? घरच्याचं घरच्यांनीच खायचं. रम्या बाहेरचा आहे का? मग त्याचं उष्टंही घरचंच. मी तर तो दोन वर्षांचा होता तेव्हापासून खातेय, मेले का? खा सगळे. कण उरवू नका."

काकूंच्या पुढं नानाभाऊंचं चालत नाही. सगळे पुन्हा चावायला लागले. त्याला बराच वेळ लागला.

मी संगीताजवळ जाऊन बसलो. "जाऊ नका, असं म्हणायचं होतंस ना."

"तुम्ही जातोय म्हणाला होतात का?"

मग मी खरं काय ते सांगितलं. म्हटलं, "संगीता, इथं पस्तीस वर्षं लूम चालवला. एकानंही विचारलं नाही, रमेश, हे तू कसं करतोस? तिथं बावीस जणी वही घेऊन उभ्या राहतात. मी शिंकलो तरी लिहून घेतात. मला ते सोडवत नाही. पण तू म्हणशील तर राहतो. तिकीट हे घे, फाडून टाक."

तिनं तिकीट घेतलं. फाडलं नाही. पदराला हात पुसून म्हणाली, "आधी त्या म्हातारीला फोन लावा. रडतेय बिचारी. तिला काय सांगायचं?"

फोन लावला. एकतीस माणसं माझ्या खांद्यावर चढली. पलीकडे मुहब्बत आपा, शेजारी नर्गिझा. मी हात जोडून सांगितलं, रोटी संपली. सगळ्यांनी मिळून खाल्ली. नर्गिझानं उझबेकमध्ये सांगितलं. आपांनी स्क्रीनवरची गर्दी डोळे बारीक करून पाहिली, आणि एकदम सगळे सोन्याचे दात दाखवून हसल्या. काहीतरी म्हणाल्या.

"आपा कहती हैं," नर्गिझा म्हणाली, "जिसने वो रोटी खाई, उन सबको हमारे घर आना पड़ेगा. रोटी सबकी राह देखेगी."

घरात एकच गोंधळ!

"सगळ्यांना?"

"पासपोर्टला काय काय कागद लागतात रे?"

"तिकडं चहा मिळतो का?"

"मला खिडकीजवळ बसवा," बायजाकाकू म्हणाल्या.

नानाभाऊ इतका वेळ धुमसत होते. ते हळूच माझ्या कानाशी आले. "मी पण खाल्लीय. दोन तुकडे."

पण आपा त्या गर्दीत एकाच माणसाकडे बोट करत होत्या. संगीताकडे. बोट करायच्या, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायच्या, पुन्हा बोट करायच्या. नर्गिझा म्हणाली, "आपा कहती हैं, दीदी सबसे पहले. उस्ताद के बगल का कमरा खाली है. अकेली औरत अकेली क्यों खाए? उस्ताद गए तब से आपा भी तो अकेली खाती हैं."

संगीतानं छातीवर हात ठेवला. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. दोघी जणी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मध्ये फोन धरून मी, माझा हात खरंच अवघडला तरी हललो नाही.

मग मला राहवेना. उस्तादपणा अंगात आला. मी म्हटलं, "चल! चार-पाच दिवसांनी मी पुढं जातो, तुझा पासपोर्ट आला की तू ये. माझा वर्ग बघ. तुलाही सगळं शिकवतो!"

"हाँ दीदी!" नर्गिझा म्हणाली. "उस्ताद सब सिखाते हैं!"

संगीतानं माझ्या हातातून फोन घेतला, स्क्रीन तोंडाजवळ नेली आणि आमच्या डिंडोलीच्या हिंदीत सांगितलं, "माय, तेरे उस्ताद को टूटे धागे की गाठ मारना मैंने शिकवाया. शादी के साल. चार महिने लगे. डोका थोडा जाड है उनका, मैं आऊं तवर जरा संभाल लो."